मग घेणार कोण?

बारावी कॉमर्सच्या मुलांना मी एकोणतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. दरवर्षी एका तासाला फळ्यावर दोन बाण काढायचे. एक देशाबाहेर जाणारा, जाड. दुसरा आत येणारा, बारीक. देश जेवढा माल बाहेर पाठवतो त्याहून कमी माल बाहेरून आणतो, तेव्हा त्याचा व्यापारतोल अनुकूल. उलट झालं की प्रतिकूल. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. मुलं माना खाली घालून लिहून घ्यायची आणि मी हातावरचा खडू झटकून पुढच्या मुद्द्यावर जायचे.

त्या 'अनुकूल' शब्दात काही खोट असेल असं मला कधी वाटलं नाही. वाटणार कसं? मी स्वतः तशीच होते. माझ्या घरातून सगळं बाहेर जायचं, आत मी काही येऊ द्यायचे नाही. कुणाच्या लग्नात आहेर द्यायचा तर भक्कम, आणि आपल्याकडच्या कार्याला पत्रिकेवर ठळक अक्षरांत 'आहेर आणू नये'. शेजारणीने वाटीभर खीर पाठवली की दुसऱ्या दिवशी तिच्याकडे डबाभर बासुंदी. नवरा म्हणायचा, "अगं, ती खीर होती, आव्हान नव्हतं." मी हसायचे. मला त्या गोष्टीचा अभिमान होता. आता खोटं कशाला बोलू, माज होता.

हा माज मी सगळ्यात जास्त जिच्यावर गाजवला ती माझी धाकटी बहीण. तिला जाऊन आता दीड वर्ष होईल.

वडील गेले तेव्हा मी चौदाची होते, ती पाच वर्षांची. डोंबिवलीत दोन खोल्या होत्या. आई एका शाळेत शिपाई म्हणून लागली. नातेवाईक काही वाईट नव्हते, द्यायचे काहीबाही. जुने कपडे, गेल्या वर्षीची पुस्तकं, दिवाळीत थोडा रवा-साखर. एकदा एका लग्नात पंगतीत बसलो होतो आणि काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिचा फ्रॉक ओळखला का? आमच्या पोरीचा. हिला अगदी मापाचा झाला बघा." समोरच्या चार बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. एकीने तर माझी कॉलर उलटून शिलाई पाहिली. म्हणाली, "चांगला टिकलाय हो." माझ्या पानात जिलबी होती. ती माझ्या घशाखाली गेली नाही.

घरी आल्यावर आईने तो फ्रॉक धुतला, इस्त्री केला आणि काकूंकडे परत पाठवला. वर पाव किलो पेढे. मला म्हणाली, "कुणाचं घ्यायचं नाही. घ्यावंच लागलं तर दुपटीने परत करायचं. मान ताठ राहते." आईचं बरोबर होतं का चूक, मला अजून सांगता येत नाही. बिचारीकडे मान सोडून दुसरं होतंच काय?

गंमत म्हणजे धाकटीही त्याच पंगतीत माझ्या शेजारी होती. तिला त्या लग्नातलं एकच आठवायचं. मोठी झाल्यावरही सांगायची, "ताई, तुझी जिलबी मी खाल्लेली. काय मस्त होती." तिला कुणी काही दिलं की तिचा चेहरा फुलायचा. चॉकलेट असो, रिबीन असो, कुणाच्या अंगणातली चार फुलं असोत, दोन्ही हात पुढे करून घ्यायची. आई तिला रागवायची, "हावरट कुठली." मीही रागवायचे. ती हावरट नव्हती. तिला घेता यायचं एवढंच, आणि घेता येणं हीही एक अक्कल असते हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

ती बारावीला आली तेव्हा मी कल्याणच्या एका कॉलेजात नुकतीच लागले होते. संध्याकाळी घरी तिचा अभ्यास घ्यायचे. व्यापारतोलाचा धडा आला. मी वहीवर माझे दोन बाण काढले. तिने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे जास्त पाठवायचं आणि कमी घ्यायचं, हे चांगलं?"

"हो. म्हणून तर अनुकूल."

"सगळ्याच देशांनी असं ठरवलं तर? मग घेणार कोण?"

प्रश्न इतका सरळ होता की मला राग आला. सगळ्या जगाची बेरीज केली तर पाठवलेलं आणि घेतलेलं सारखंच भरणार, हे मला माहीत होतं. एकाचा तोल अनुकूल व्हायचा तर दुसऱ्या कुणाचा तरी प्रतिकूल व्हावाच लागतो. आणि खरं तर त्यापुढचंही माहीत होतं. जो देश पाठवतो जास्त आणि आणतो कमी, त्याचे लोक जेवढं पिकवतात तेवढं स्वतः खात-वापरत नाहीत. बदल्यात त्यांच्या हातात येतं ते दुसऱ्याचं वचन, की पुढे कधीतरी फेडीन. ते वचन उपयोगी पडायचं तर कधीतरी समोरच्याकडून माल घ्यावाच लागतो. कधीच घ्यायचं नसेल तर नुसती वचनं उशाशी घेऊन झोपायचं. हे सगळं मी तिला समजावून सांगू शकले असते. मी म्हटलं, "परीक्षेत हे विचारत नाहीत. व्याख्या पाठ कर."

तिने व्याख्या पाठ केली आणि पास झाली.

पुढे तिचं लग्न खडवलीत झालं. सासरी थोडी भातशेती, नदीकडेला भाजीचा तुकडा, नवरा कल्याणच्या एका वर्कशॉपात कामाला. चांगला माणूस, कमी बोलणारा. मी त्याला जावईबापू म्हणून चिडवायचे आणि तो लाजायचा. लग्नाचा सगळा खर्च मी केला. त्यांच्या घराला स्लॅब घालायच्या वेळी मी मदत केली, तिच्या मुलीच्या शिक्षणाला मी उभी राहिले. हे मी मिरवायला सांगत नाही. मिरवून झालंय माझं. पण हे देताना मला मनातून बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं सगळंच प्रेमाचं नव्हतं.

तोवर आम्ही ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहायला आलो होतो. धाकटी महिन्या-दीड महिन्याने यायची. कधी हात हलवत आली नाही. कडवे वाल, कोवळी भेंडी, पांढरी काकडी, घरच्या आंब्याचं लोणचं, भात झोडला की घरचा तांदूळ. दारातच पिशवी पुढे करायची आणि मी दारातच म्हणायचे, "कशाला गं वजन उचलून आणलंस? इथे सगळं मिळतं." तिचा हात तसाच अर्धा पुढे राहायचा. मग ती जाताना मी तीच पिशवी दुप्पट भरायचे. तूप, काजू, मुलीला ड्रेस, नवऱ्याला शर्ट. ती म्हणायची, "ताई, राहू दे ना." मी म्हणायचे, "गप्प बस. मोठी आहे मी." ती खालच्या मानेने पिशवी घेऊन जायची. लहानपणी दोन्ही हात पुढे करणारी ती, पण तिचे हात आता पुढे येत नव्हते. हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि डोक्यात शिरत नव्हतं.

एका वर्षीची गोष्ट तर मला सांगवत नाही, पण सांगते. तिने दहा किलो नवा तांदूळ आणला. स्वतः निवडून, पाखडून, जुन्या चादरीची पिशवी शिवून त्यात भरलेला. माझ्या नवऱ्याला तेव्हा नुकतीच शुगर निघाली होती, भात कमी केला होता. मी तो तांदूळ आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना देऊन टाकला. त्यांच्या घरी पाच तोंडं, वाया जाण्यापेक्षा बरं. विचार काही वाईट नव्हता. पुढच्या खेपेला धाकटी आली तेव्हा त्या बाई भांडी घासत होत्या. हात पुसत बाहेर आल्या आणि तिला म्हणाल्या, "ताई, तुमचा तांदूळ काय गोड हो! पोरं नुसताच खात होती." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. धाकटीने माझ्याकडे बघितलं. मग त्यांना म्हणाली, "आवडला ना? पुढच्या वर्षी तुमच्यासाठी वेगळा आणते." पुढच्या वर्षी तिने खरंच आणला, थेट त्यांच्याच हातात दिला. माझ्यासाठी त्यानंतर कधी आणला नाही. मी मनात म्हटलं, चला, शेवटी समजलं हिला.

कपाळ माझं. काय समजलं होतं ते मला कळायला आणखी सहा वर्षं लागली.

मध्ये माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. छोटंसंच होतं, तीन दिवसांत घरी सोडलं. घरी येते तर धाकटी कपड्यांची बॅग घेऊन सोफ्यावर बसलेली. पंधरा दिवस राहायच्या तयारीने आली होती. नवऱ्याचं जेवण जावेवर टाकलं होतं, मुलीच्या परीक्षेचं नवऱ्यावर. स्वयंपाकघरात मूगडाळीची खिचडी तयार होती. आणि मी काय केलं? मी आधीच नर्सिंग ब्युरोतून बाई सांगून ठेवली होती. चोवीस तासांची. धाकटीला म्हटलं, "तू कशाला घर सोडून आलीस? सगळी सोय केलीये मी. उद्या सकाळी जा बघू."

ती म्हणाली, "ताई, मला एकदा तरी तुझं काही करू दे."

"आलीस हेच खूप झालं."

ती रात्री माझे पाय दाबायला बसली तर मी पाय आखडून घेतले. ब्युरोच्या बाईंना म्हटलं, "तुम्ही दाबा." मला वाटलं, धाकटीला कशाला त्रास. सकाळी ती रिक्षात बसताना ब्युरोच्या बाईंकरवी फराळाचा डबा खाली पाठवला. माझं टाक्यांचं पोट दुखत होतं, तरी मी गॅलरीतून हात हलवला. फार समाधान वाटलं होतं मला तेव्हा. आजारी असूनही मी कुणावर भार झाले नाही, उलट दिलंच काहीतरी.

होळी होऊन गेली होती. दुपारी जावईबापूंचा फोन आला. हा माणूस मला आपणहून कधी फोन करत नसे. म्हणाला, "ताई, तिने सांगू नका म्हटलंय. पण आता माझ्याच्याने राहवत नाय." छातीत गाठ होती. गणपतीच्या आधीपासून तिला कळलं होतं. सहा-सात महिने ती गावाजवळ कुणीतरी द्यायचा त्या औषधाच्या पुड्या खात होती.

मी त्याच दिवशी गाडी करून तिला ठाण्याला आणलं. दुसऱ्या दिवशी घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळवली. संध्याकाळची वेळ, मेट्रोचं काम, आणि आमची गाडी एकाच जागी पाऊण तास उभी. दोन्ही बाजूंना नुसत्या गाड्या आणि वर चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती. धाकटी खिडकीकडे तोंड करून बसली होती. खांद्याचं हाड ब्लाउजमधून वर आलेलं दिसत होतं. मी डॉक्टर, तपासण्या, कुठे राहायचं, कोण काय करणार, सगळं भराभरा सांगत होते. ती ऐकत होती. शेवटी माझं सांगून संपलं आणि मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू सगळं केलं असतंस."

"मग? करायचं नाही?"

"तेच ना, ताई." ती अजून खिडकीकडेच बघत होती. "तू करत राहतेस. मी ते ठेवू कुठे? लग्न झाल्यापासून मी काही आणलं की तू त्याच्यावर दुप्पट रचून देतेस. सासूबाई म्हणायच्या, तुझ्या बहिणीला आपल्या घरचं गोड लागत नाय. मी त्यांच्याशी भांडायचे. मग नंतर नंतर भांडणं सोडून दिलं."

"अगं, तुम्हालाच पुरत नाही, म्हणून मी..."

"पुरत होतं, ताई. आम्हाला नेहमीच पुरत होतं. तू कधी विचारलं नाहीस."

पुढची गाडी हातभर सरकली, आमचीही सरकली. मी म्हटलं, "पण हे दुखणं आहे. यात कसला मान नि कसला अपमान?"

"मान नाही गं. मला वाटलं, एवढी एक गोष्ट तरी तुझ्याकडून न घेता निभावून न्यावी. बरी झाले असते तर सांगणारच होते तुला. हसत सांगितलं असतं." मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "चुकलं माझं. रडू नकोस ना. ड्रायव्हर बघतोय."

माझ्या बहिणीला गाठ झाली होती, ती मरायला टेकली होती, आणि माफी ती माझी मागत होती.

त्या जॅममध्ये बसून मला माझा फळा दिसला. पाठवणारा देश शिरजोर होत जातो आणि त्याला स्वतःचं कौतुक वाटत राहतं, हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं. घेणाऱ्या देशात काय होतं? बाहेरून इतकं येत राहतं की त्याचे स्वतःचे कारखाने बंद पडतात. आपण बनवलेलं कुणाला नको असतं हे एकदा पटलं की लोक बनवणं सोडतात. हातांना वळण राहत नाही. आणि मग एक दिवस तो देश बाजारातच यायचा बंद होतो. पाठवणाऱ्याकडे माल आहे, द्यायची इच्छा आहे, पण घ्यायला पलीकडे कुणी उभंच नाही. एकोणतीस वर्षं मी याला अनुकूल म्हणाले. माझ्या बहिणीला माझ्याकडे येण्यापेक्षा त्या पुड्या बऱ्या वाटल्या, तोवर मी तिची अशी गत करून ठेवली होती. नवरा म्हणतो, असं स्वतःला बोल लावू नकोस, लोक दुखणं लपवतातच. लपवत असतील. पण ती का लपवत होती ते मी तिच्याच तोंडून ऐकलंय.

डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर मला एकटीला बोलावून सांगितलं की उशीर झालाय. उपचार केले. मी केले, आणखी कोण करणार? तेही तिने माझ्याकडून घेतलं, निमूट, माझं मन मोडायला नको म्हणून. आता तर असं झालं होतं की घेणं हेच तिचं देणं होतं, आणि ते करण्यात तिची राहिलेली ताकद संपत होती.

मी ठरवलं, आता बदलायचं. अजून वेळ आहे. तिच्याकडून काहीतरी घ्यायचं. काय घ्यायचं ते मला सुचत नव्हतं. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "काही मोठं नको शोधूस. ती जे देईल त्याला हो म्हण. बस एवढंच." बायको सेवानिवृत्त प्राध्यापिका आणि धडा हा शिकवतोय. पण बरोबर होतं त्याचं. मी मनाशी शंभरदा घोकलं. हो म्हणायचं. फक्त हो म्हणायचं.

तिला घरीच राहायचं होतं, म्हणून खडवलीला नेलं. मी दर दोन दिवसांनी जायचे. एकदा दुपारी गेले तर घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिचा नवरा औषधं आणायला गेलेला, मुलगी अंगणात कपडे वाळत घालत होती. धाकटी पलंगावर उशीला टेकून बसली होती. त्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं, केस विंचरलेले होते. मला बघून हसली. म्हणाली, "उन्हातून आलीस. चहा टाकू?"

आणि ती खरंच एक पाय खाली सोडून चप्पल शोधायला लागली.

माझ्या तोंडून शब्द निघून गेले होते. "नको गं, तू पड. मीच करते ना."

तिचा पाय तिथेच थांबला. मग तिने तो हळूच परत वर घेतला आणि पांघरुणात ओढला. "बरं," म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मागे फिरून म्हणावंसं वाटलं, नाही, तूच कर, मला तुझ्या हातचा हवाय, बसत उठत कर, अर्धा कप कर, मी इथे बसून राहते. पण तिला उभं तरी राहवेल का, पडली तर काय, अशी सगळी शहाणी कारणं समोर आली. मी दोन कप चहा केला. तिने दोन घोट घेतले आणि छान झालाय म्हणाली. नंतर ती उठून बसली अशी दुपार परत आली नाही. एकोणीस दिवसांनी ती गेली.

मरणाच्या वेळी मी तिथे होते. हात हातात होता वगैरे. त्याबद्दल मला काही सांगायचं नाही.

तेराव्याला सगळे जमले होते. जेवणं झाली, पुरुषमाणसं बाहेर अंगणात जाऊन बसली. आतल्या खोलीत आम्ही बायका. बाई गेली की तिच्या साड्या जवळच्या बायकांना आठवण म्हणून द्यायच्या, ही पद्धत त्यांच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. मुलीने लोखंडी कपाट उघडलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण हात नीट चालत होते. म्हणाली, "आईने कुणाला कुठली द्यायची ते स्वतःच सांगून ठेवलंय." आणि एकेक काढून द्यायला लागली.

जावेला मोरपंखी आणि अबोली, अशा दोन दिल्या. नणंदेला लग्नातला शालू. शेजारच्या आजींना सुती, त्यांना जड झेपत नाही म्हणून. लावणीच्या दिवसांत शेतावर येणाऱ्या दोघी बायकांना एकेक. जिच्या हातात साडी पडायची ती तोंडाला लावायची आणि रडायची. कपाटात डांबरगोळ्यांचा वास होता आणि त्याच्या आत तिचाही होता. मी भिंतीला टेकून बसले होते. एकेक साडी जाताना मनात म्हणत होते, ही नसेल, पुढची असेल माझी. माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि तळवे वरच्या बाजूला वळलेले होते. ते कधी वळले मला कळलं नाही.

कपाट रिकामं झालं. मुलीने खालच्या कप्प्यातला कागद सरळ केला. मग मागे वळली, आणि मला बघून तिच्या लक्षात आलं असावं. ती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुझ्यासाठी नाही काढली. आईनेच सांगितलेलं. म्हणाली, मावशीला विचारू नकोस. ती नको म्हणते आणि मग नको म्हटल्याचं तिलाच वाईट वाटत राहतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिच्या आईच्या बोलण्यातही नसणार. मला त्रास होऊ नये म्हणून दोघींनी मिळून केलेली सोय होती ती.

धाकटीची जाऊ माझ्या शेजारीच बसली होती, तिच्या मांडीवर दोन साड्या होत्या. मी नुसता शब्द टाकला असता तर तिने दोन्ही माझ्या ओटीत घातल्या असत्या. एखादी दे गं मला, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून माझाच नेहमीचा आवाज बाहेर आला.

"बरोबर केलंस गं," मी म्हटलं. "मला कशाला? माझ्याकडे ढीगभर आहेत."

मुलगी हो म्हणाली, उठली आणि कपाट बंद केलं.